हाड पाच आठवड्यांत जुळलं, गुडघा अजून का नाही? (ऊती, नववीचं पुस्तक आणि माझा एमआरआय)

मधली सुट्टी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरात लागोपाठ दोन अपघात झाले. शनिवारी चिरंजीव सायकलवरून पडले आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. रविवारी मी सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटमध्ये चोरटी धाव घेताना गर्रकन वळलो, उजव्या गुडघ्यातून 'टक्' असा आवाज आला आणि मी जो खाली बसलो तो चौघांनी उचलेपर्यंत. दोन दिवस घरात दोघांनाही लिंबू सरबत आणि सहानुभूती समसमान मिळाली.

पाच आठवड्यांनी त्याचं प्लास्टर निघालं. गणपतीत साहेब गोलंदाजी करत होते. मी मात्र अजून जिना उतरताना कठडा धरतो. एमआरआयमध्ये एसीएल नावाचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी पट्टी, पूर्ण तुटलेलं आणि आतल्या बाजूची मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, फाटलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, गादीचा फाटलेला भाग आतल्या कडेला आहे, तो आपणहून भरून येणं अवघड. लिगामेंटचं थोडं थांबून ठरवू.

परवा मुलगा विज्ञानाचं पुस्तक घेऊन आला. त्यात प्राणी ऊतींचा तक्ता आहे. म्हणाला, "बाबा, हाड, कास्थी, अस्थिबंध, सगळं एकाच रकान्यात आहे. संयोजी ऊती. मग माझं जुळलं आणि तुमचं का नाही?" (कास्थी म्हणजे कूर्चा आणि अस्थिबंध म्हणजेच लिगामेंट, हेही त्यानेच सांगितलं.)

मी म्हटलं, "वय."

तो म्हणाला, "पुस्तकात वय दिलेलं नाही."

मी आयुष्यभर हिशेब लिहिले. मला ऊती म्हटलं की उतू गेलेलं दूध आठवतं. कोणी समजावून सांगेल का? उत्तर मुलाला पटेल असं हवं, मला काय, काहीही पटतं.

गच्चीवरचा

वयच हो. चाळिशीनंतर चोरटी धाव घ्यायची नसते, फटका मारून शांत चालायचं असतं. समदुःखी, डावा गुडघा.

खडूफळा

नववीला विज्ञान शिकवते, त्यामुळे राहवलं नाही.

आधी दुधाचं बघू. ऊती म्हणजे एकच काम मिळून करणाऱ्या पेशींचा समूह, तिचा उतू जाण्याशी संबंध नाही. संस्कृतात 'वे' म्हणजे विणणे, त्यावरून 'ऊत' म्हणजे विणलेलं. आपण 'ओतप्रोत' म्हणतो तो शब्द याच मागावरचा. आणि गंमत अशी की इंग्रजीतला 'टिश्यू' ज्या फ्रेंच शब्दावरून आला त्याचाही अर्थ विणलेलं कापड. झाव्हिए बिशा नावाच्या फ्रेंच वैद्याने तो शरीराच्या अभ्यासात रुळवला. १८०१ च्या ग्रंथात त्याने शरीरातली २१ प्रकारची 'कापडं' सांगितली, आणि तीही सूक्ष्मदर्शकाशिवाय! त्या काळच्या भिंगांवर त्याचा विश्वास नव्हता. प्रेतं चिरायची, तुकडे भिजवायचे, उकळायचे, आम्लात टाकायचे आणि कोणता पापुद्रा कसा वागतो ते बघायचं, ही त्याची पद्धत. १८०२ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी गेला.

त्या २१ ची आता चार घराणी झाली आहेत. झाकणारी ती अभिस्तर, हलवणारी ती स्नायू, निरोप नेणारी ती चेता, आणि उरलेलं सगळं जोडणारी, भरणारी, तोलणारी ती संयोजी. परीक्षेपुरतं एवढं पुरतं.

तुमच्या चिरंजीवांचा प्रश्न मात्र परीक्षेच्या पुढचा आहे. बाकी तीन घराण्यांत पेशी एकमेकींना खेटून असतात. संयोजी ऊतीत पेशी थोड्या आणि दोन पेशींच्या मधला माल जास्त. या मालाला पुस्तकात 'आधारक' म्हणतात. हाड, कास्थी, चरबी, रक्त एकाच रकान्यात येतात ते या बांधणीमुळे. रक्ताचा आधारक पातळ, हाडाचा दगडासारखा. मुलं दर वर्षी विचारतात, "बाई, रक्त काय जोडतं?" काही जोडत नाही. ते त्या रकान्यात आहे ते बांधणीमुळे आणि गर्भातल्या मूळ थरामुळे.

हाड कसं असतं ते घरी बघता येईल. कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ करून आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा, मधे एकदा व्हिनेगर बदला. हाड रबरासारखं वाकतं. सुती कापडाला खळ घालतो ना, तसं आहे. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे हे कापड आणि कॅल्शियम फॉस्फेट ही खळ. व्हिनेगर खळ काढून टाकतं, कापड उरतं.

जुळण्याचं गणित जाणकारांनी सांगावं. माझी हद्द इथे संपली.

तांबडा पांढरा

खडूफळाबाई, तुमच्या तक्त्यापेक्षा आमच्या मटणवाल्याचं दुकान बरं. रविवारी सकाळी पोराला घेऊन जावा, चारी घराणी टांगलेली दिसतील.

बोटी म्हणजे पट्टकी स्नायू. बोटीवर तो चिवट पांढरा पडदा असतो आणि हाडाला धरणारी पांढरी दोरी, ती संयोजी. वजडी म्हणजे आतून टॉवेलासारखं अभिस्तर आणि बाहेरून आपल्या मर्जीवर न चालणारा अपट्टकी स्नायू. म्हणून वजडी शिजायला मरणाचा वेळ. भेजा म्हणजे चेता ऊती. त्यात धागे जवळजवळ नाहीतच, म्हणून डाव लागला की फुटतो. नळीत काय असतं ते सांगायची गरज नाही, ती कुणाच्या ताटात जाणार यावर आमच्यात भाऊबंदकी झालेली आहे.

आणि खरोडे रात्रभर मंद आचेवर ठेवले की सूप सकाळी थिजतं. ते बाईंचं कोलॅजेन विरघळून जिलेटिन झालेलं. शाकाहारी मंडळींनी हा प्रतिसाद वगळून पुढे जावं. (आधी सांगायला हवं होतं.)

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट. रुग्णांची तोंडं क्वचित दिसतात, तुकडे रोज दिसतात. खडूफळांचा व्हिनेगरचा प्रयोग आम्ही लॅबमध्ये रोज करतो. हाडाची बायोप्सी आली की ती आधी आम्लात ठेवून मऊ करावी लागते, नाहीतर सुरीखाली कापलीच जात नाही. आम्हाला ३ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा काप लागतो. हाडाचा रिपोर्ट उशिरा येतो म्हणून नातेवाईक चिडतात, त्यामागे बऱ्याचदा हे आम्ल असतं.

आता मुद्द्याचं. चिरंजीवांना सांगा की तक्ता 'काय आहे' ते सांगतो. 'काय होईल' हे कळायला दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. तिथे रक्त पोचतं का? आणि तिथल्या पेशी नव्याने कामाला लागू शकतात का?

हाड दिसायला दगड, पण आतून रक्तवाहिन्यांनी भरलेलं. मोडलं की ते रक्ताळतं, दोन टोकांच्या मध्ये गुठळी होते, आणि ती गुठळी म्हणजे दुरुस्तीची पहिली परात. तिच्यात पेशी उतरतात, धागे टाकतात. मग बऱ्याच फ्रॅक्चरमध्ये गंमत होते, हाडाच्या जागी आधी कास्थी तयार होते. म्हणजे तुमच्या मुलाच्या मनगटात मधे काही काळ तीच वस्तू उगवली होती जी तुमच्या गुडघ्यात उगवत नाहीये! पुढे तिच्यात रक्तवाहिन्या शिरल्या, खळ बसली, कच्चं हाड झालं. प्लास्टर निघालं तेव्हा काम संपलेलं नव्हतंच. त्या कच्च्या हाडाची तासणी पुढे कित्येक महिने चालते. मुलांच्या हाडावरचं आवरण जाड आणि पेशींनी गजबजलेलं असतं, त्यामुळे त्यांचं लवकर जुळतं. म्हणजे वयाचा भाग आहे, गच्चीवरचे अगदीच चूक नाहीत. पण मोठ्यांच्या हाडांतही सगळी सारखी नसतात. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं हाड आणि मांडीच्या हाडाची मान, दोन्हीकडे रक्तपुरवठा नाजूक, म्हणून तिथली मोड रेंगाळते.

सांध्यातल्या कास्थीत रक्तवाहिनी नाही, चेतातंतूही नाही. गुडघ्यात तिची जाडी सुमारे २ ते ४ मिलिमीटर. पेशी आपापल्या खोबणीत एकेकट्या बसलेल्या. त्यांचं जेवण सांध्यातल्या द्रवातून येतं, तेही स्पंजसारखं दाबलं-सोडलं की. तिथे चीर पडली तर रक्त नाही, गुठळी नाही, परात नाही. विल्यम हंटर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लिहून ठेवलंय की एकदा नष्ट झालेली कास्थी परत येत नाही.

मेनिस्कस हीही कास्थीचीच गादी, तिची कथा आणखी चुटपुट लावणारी आहे. जन्मतः त्या सगळ्या गादीत रक्तवाहिन्या असतात. साधारण दहाव्या वर्षापर्यंत त्या बाहेरच्या कडेला सरकतात आणि मोठेपणी जेमतेम बाहेरच्या पाव हिश्श्याला रक्त उरतं. तिथे फाटली तर टाका घालून जुळायची बरीच आशा. आतल्या कडेला फाटली तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच.

आणि एसीएल! त्याला रक्तवाहिन्या आहेत. पण ते सांध्याच्या आत आहे. तुटलं की रक्त सांध्यातल्या द्रवात पसरतं, दोन टोकांच्या मध्ये गुठळी टिकत नाही. त्याच गुडघ्यात, दोन बोटं पलीकडे, सांध्याबाहेरून जाणारं आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलं तर बहुधा नुसत्या पट्ट्याने आणि विश्रांतीने जुळतं. ऊती तीच, गुडघा तोच, फक्त पत्ता वेगळा.

मधली सुट्टी

काचपट्टी, प्रिंट काढून चिरंजीवांना दिली. "दुरुस्तीची परात" फार आवडली, आमच्या इमारतीचं काम चालू आहे. पण त्याने वाचून एक शंका काढलीय, जशीच्या तशी देतो.

"अभिस्तर ऊतीतही रक्तवाहिन्या नसतात असं बाई म्हणाल्या होत्या. मग तोंड भाजलं की दोन दिवसांत कसं बरं होतं?"

मला उत्तर येत नाही. बायकोने सांगितलं की तोंड भाजायच्या आधी विचार करावा.

खडूफळा

या मुलाला माझ्या वर्गात पाठवा.

काचपट्टी

बरोबर पकडलंय, माझ्या लिहिण्यात ती फट होती. अभिस्तरात रक्तवाहिनी नसते हे खरं. दाढी करताना नुसतं वरचेवर खरवडलं तर रक्त येत नाही, ते याचमुळे. पण अभिस्तर पातळ असतं आणि त्याच्या बुडाशी, एका झिरझिरीत पडद्यापलीकडे, रक्तवाहिन्यांची दाटी असते. जेवण शेजारच्या घरून येतं. दुसरी गोष्ट, बुडाच्या थरातल्या पेशी सतत विभागत असतात. त्यांचा धंदाच झिजणं आणि परत भरणं हा आहे. लहान आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं, त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात. उठता-बसता जी धूळ झाडतो त्यात आपणही थोडे असतो.

या अस्तराचा पसारा किती? आतडं उलगडलं तर टेनिस कोर्टाएवढं, असं आम्हाला शिकवलं होतं. २०१४ मध्ये दोन स्वीडिश संशोधकांनी नीट मोजून पूर्ण पचनमार्गाचा आकडा सुमारे ३२ चौरस मीटरवर आणला, म्हणजे अर्धं बॅडमिंटन कोर्ट. टेनिस कोर्ट अजून पुस्तकांतून निघालेलं नाही.

सतत विभागण्याची किंमतही असते. माणसाला होणारे बहुतेक कर्करोग याच घराण्यातले. जिथे नक्कल जास्त, तिथे चुका जास्त.

आजीचा बटवा

सगळं वाचलं. सप्तधातू कुणालाच कसे आठवले नाहीत? रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. हजारो वर्षांपूर्वी हेच सांगितलंय. आणि हाडजोडीचा वेल, आमच्याकडे कांडवेल म्हणतात, तो बांधा. गावाकडे हाडवैद्य आहेत, त्यांच्याकडे नेलं असतं तर पाच आठवडेही लागले नसते.

काचपट्टी

बटवा, सप्तधातूंचा क्रम एका धातूपासून पुढचा पोसला जातो या विचारावर उभा आहे. ऊतींची विभागणी पेशींच्या बांधणीवरून केलेली. दोन वेगळ्या चौकटी आहेत, एकीवर दुसरी ठेवली की नीट बसत नाही. त्वचा कुठे घालाल, आणि रस कुठल्या काचपट्टीवर दाखवू? आपल्या भाषेतच बघा, 'मज्जा' हाडातली आणि 'मज्जातंतू' म्हणजे नस. एक शब्द दोन घराण्यांत राबतोय.

कांडवेलीवर वाद घालत नाही. पण हाडवैद्याच्या आवळ पट्टीवर घालतो. हात सुजत असताना घट्ट बांधला तर आतला दाब वाढून स्नायूचं रक्त तुटतं. स्नायू ऊती आणि चेता ऊती रक्ताशिवाय फार तग धरत नाहीत, चार-सहा तासांत स्नायू मरायला लागतो. मग तिथे व्रणाची दोरी तयार होते आणि पंजा कायमचा आखडतो. या आखडण्याला फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाचं नाव आहे. विद्यार्थी असताना एका शाळकरी मुलीचा असा हात पाहिलाय. हाड उत्तम जुळलं होतं. पट्टी बांधल्यावर बोटं बधिर, गार पडली किंवा बोट सरळ करताना जीव जाईल इतकं दुखलं तर कुणाची वाट न बघता पट्टी सोडवा. डॉक्टरांनी घातलेल्या प्लास्टरलाही हेच लागू.

आजीचा बटवा

सगळेच हाडवैद्य असे नसतात. पण पट्टीचं लक्षात ठेवेन.

डावखुरी

चेता ऊतीचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव. तीन वर्षांपूर्वी विळीवर फणस कापताना डाव्या तर्जनीच्या बुडाशी खोल कापलं. बोटाच्या एका बाजूची नस तुटली. नस म्हणजे चेता, रक्ताची नव्हे. आपण दोन्हीला शीर म्हणतो आणि मग गोंधळ होतो. शिवल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आतले तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतील, बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून हिशेब करा.

मी खरंच पट्टी घेऊन मोजलं. सत्तर मिलिमीटर. दर रविवारी नवरा टाचणीने टोचून बघायचा (आवडीने). टोचणं कळायची हद्द हळूहळू पुढे सरकत गेली. अडीच-तीन महिन्यांनी टोकाला झिणझिण्या आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. अजून तिथे चपातीचा चटका जरा वेगळा लागतो. माझा प्रश्न असा, हातातली नस वाढते तर पाठीच्या कण्यातली का नाही वाढत?

काचपट्टी

डावखुरी, पट्टी घेऊन मोजणं बेस्ट! हातापायांतल्या चेतातंतूंभोवती ज्या आवरणाच्या पेशी असतात त्या तुटल्यावर मोडतोड साफ करतात आणि रिकामी नळी धरून ठेवतात. नवा तंतू त्या नळीतून सरकतो. मेंदू आणि मेरुरज्जूत आवरण करणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत. तिथल्या आवरणात वाढ थोपवणारे रेणू असतात, शिवाय जखमेभोवती आधारपेशींचा व्रण उभा राहतो. पुन्हा तेच, घराणं एक, वस्ती वेगळी.

हृदयाचंही इथेच सांगून टाकतो. हृद स्नायू अजिबात नवा होत नाही असं वर्षानुवर्षं मानत. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढला होता, तो त्या काळात जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत नोंदला गेला. त्यावरून २००९ मध्ये स्वीडनमधल्या गटाने हिशेब मांडला. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का हृदयपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्का. झटक्यानंतर हृदयाला शिवण लागते ती स्नायूची नसते, धाग्यांची असते, कारण या वेगाने भोक बुजत नाही.

पेठेतला

अवांतर वाटेल, पण काचपट्टींच्या "रक्त पोचतं का" या प्रश्नाचं सगळ्यात झकास उदाहरण आमच्या पुण्यातलं आहे.

इंग्रज-टिपू लढाईत इंग्रजी फौजेकडे कावसजी नावाचा मराठा गाडीवान होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडून नाक कापलं. वर्षभर तो तसाच होता. मग पुण्याच्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा नमुना नाकावर बसवून मापं घेतली, तो नमुना उलगडून कपाळावर ठेवला, तेवढी कातडी सोलली आणि खाली वळवून नाकाच्या जागी लावली. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसं नाक केलं.

यातली खुबी अशी की कपाळाची कातडी पूर्ण तोडलेली नव्हती. दोन भुवयांच्या मध्ये एक देठ राखला होता. रक्त त्या देठातून येत राहिलं. नवी जागा रुजल्यावर देठ कापला. १७९४ मध्ये लंडनला नवल वाटलेली ही गोष्ट सुश्रुतसंहितेत आहे, तिथे गालाची कातडी सांगितली आहे. बटवा, हे तुमच्या बाजूचं धरा.

आजीचा बटवा

धरलं. :)

गच्चीवरचा

मी कोलॅजेनची पावडर घेतोय, महागडी. ती गुडघ्यात जाते की नाही?

तांबडा पांढरा

खरोडे खा, स्वस्त पडतील.

काचपट्टी

दोन्ही पोटात जाऊन आधी तुटतात. त्याचे तुकडे नेमके गुडघ्याचा पत्ता शोधत जातील असं काही नाही.

धागे विणायला जीवनसत्त्व क मात्र लागतं, हे नक्की. ते नसेल तर कोलॅजेनचा पीळच बसत नाही. १७४० मध्ये जॉर्ज ॲन्सन आरमार घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला, त्या सफरीत स्कर्व्हीने, म्हणजे क च्या अभावाने होणाऱ्या रोगाने, शेकड्यांनी खलाशी मेले. त्या वृत्तांतात एक म्हातारा खलाशी आहे, १६९० च्या बॉइनच्या लढाईत झालेली त्याची जखम पन्नास वर्षांनी पुन्हा उघडली. जुना व्रण आपल्याला मेलेली खूण वाटतो, पण शरीर तो रोज उसवतं आणि रोज विणतं. विणणं थांबलं की नुसतं उसवणं उरतं. रोज एक पेरू किंवा आवळा खाणाऱ्याला ही भीती नाही.

उलट विणकाम जास्त झालं तर? गाल बघा. सुपारीतला अरेकोलिन गालाच्या अस्तराखालच्या धागे करणाऱ्या पेशींना चेतवतो आणि जुने धागे मोडणंही मंदावतं. गाल चामड्यासारखा घट्ट होतो, तोंड दोन बोटांपुरतंही उघडत नाही. नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, हेही करते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. माझ्या टेबलावर असे गाल येणं थांबलेलं नाही, आणि त्यांतल्या काहींचं वय बघून मी काचपट्टी बाजूला ठेवून चहा प्यायला जातो.

उठबस

फिजिओथेरपिस्ट आहे. उशिरा आले, पण मधली सुट्टींना एक सांगायचंच होतं.

गुडघ्याच्या गप्पांत स्नायू विसरू नका. दुखतं म्हणून पाय वापरत नाही, की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने उतरतो. दोन्ही मांड्यांना गुडघ्यापासून सारख्या उंचीवर टेप लावून बघा, मी सांगते की फरक निघेल. चांगली बातमी अशी की पट्टकी स्नायू ही मेहनतीला सगळ्यात लवकर जागणारी ऊती आहे. तंतूंच्या कडेला राखीव पेशी झोपलेल्या असतात, ताण पडला की उठतात. या पेशी १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा ओळखल्या गेल्या. लिगामेंट तुमच्या हातात नाही, मांडी आहे. एसीएल तुटलेले काही लोक नीट व्यायाम करून शस्त्रक्रियेशिवायही रोजचं आयुष्य छान जगतात. काहींच्या पुढच्या एमआरआयमध्ये ते जुळल्यासारखंही दिसतं. पण गुडघा निसटत असेल, 'आता दगा देतो' असं वाटत असेल, तर वाट बघू नका, दर वेळी निसटताना उरलेली गादी घासते.

आणि ते "वंगण संपलं" म्हणणं सोडा. वंगण संपत नाही. बसून राहिल्याने स्पंज दाबला जात नाही, काचपट्टींनी लिहिलंय तेच.

उत्तरध्रुवाजवळ

स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून. काचपट्टी म्हणतात कास्थी परत येत नाही, पण इथल्याच डॉक्टरांनी रुग्णाची स्वतःची कास्थी थोडी काढून, तिच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत गुडघ्यात बसवल्या होत्या ना? १९९४ मध्ये २३ रुग्णांचा अहवाल आला होता. ऑफिसमध्ये जेवताना लोक अभिमानाने सांगतात.

काचपट्टी

होय, आणि अभिमान रास्त आहे. पण ते उपचार तरुण रुग्णाच्या एखाद्या नेमक्या खड्ड्यासाठी आहेत. पूर्ण झिजलेल्या सांध्याला किंवा फाटलेल्या मेनिस्कसला नाही. वर्तमानपत्राबरोबर येणाऱ्या "कास्थी परत उगवा" वाल्या पत्रकांचा आणि या कामाचा संबंध जोडू नये, एवढंच.

मधली सुट्टी

मंडळी, अपडेट. उठबस ताईंच्या सांगण्यावरून टेप लावला, उजवी मांडी तीन सेंटिमीटरने बारीक. गुडघा गेल्या महिन्यात दोनदा निसटला, त्यातला एकदा भाजी मंडईत. डॉक्टरांशी बोलून शस्त्रक्रिया ठरली, पुढच्या महिन्यात. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी, म्हणजे स्नायुरज्जू, काढून तिचं लिगामेंट करणार. तोवर रोज दोन वेळा व्यायाम, आणि पुढेही नऊ महिने खेळायचं नाही.

चिरंजीवांनी ताबडतोब विचारलं, "मागची दोरी काढली तर मागे काय राहणार?" डॉक्टर घाईत होते, मी विचारायचं विसरलो.

उठबस

हे उत्तर त्याला फार आवडेल. बऱ्याच जणांमध्ये काढलेल्या दोरीच्या जागी वर्षा-दीड वर्षात पुन्हा दोरीसारखं काहीतरी उगवतं. मूळच्या वाटेने, स्नायूच्या टोकापासून खाली. अगदी मूळच्यासारखं नसतं, थोडं वर जाऊन चिकटतं, पण असतं. शल्यचिकित्सक त्याला पालीच्या शेपटीचं नाव देतात.

मधली सुट्टी

सांगितलं. तो आता मला "पाल" म्हणतोय.